गॅलरीत काढलेले टेबल

मी एक जुने, बुटके टेबल आहे. जन्मतः मी बुटका नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिले की मोठी माणसे "अगं, किती गोड!" असे म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मित्रांनो, मी गोड वगैरे काही नाही. मी जाड लाकडाचा, चार पायांवर उभा राहून काम करणारा आहे. मला दिसते, ऐकू येते, पुष्कळसे कळतेही. फक्त बोलता येत नाही. माझा सगळा वैताग तिथूनच सुरू होतो.

ज्या सुताराने मला घडवले तो फारसा बोलत नसे. त्याने मला खिळे न मारता, खाचा पाडून जोडले आणि शेवटी पाठीवर एक थाप दिली. तेव्हा मी चांगला कमरेइतका उंच होतो. एके दिवशी नवे लग्न झालेले एक जोडपे दुकानात आले. नवरा प्रत्येक टेबल हलवून बघत होता, किंमत विचारत होता, डोके खाजवत होता. बायकोने मात्र माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "हेच." नवरा म्हणाला, "अगं, पण ते पलीकडचं..." ती म्हणाली, "नाही. हेच." या बाईला इतके ठाम बोलताना मी नंतर फार कमी वेळा ऐकले. म्हणून तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे.

त्यांच्या घरात मी बरीच वर्षे जेवणाचे टेबल होतो. त्यांची मुलगी माझ्यावर जेवली, माझ्यावर गणिते करताना रडली, शाई सांडली आणि वही सरकवून तो डाग झाकला. मग ती मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, आणि घर एकदम गप्प झाले. दोन माणसे माझ्या एका कोपऱ्यात बसून जेवत आणि बाकी माझ्यावर वर्तमानपत्रे साचत. ही शांतता त्या बाईला सोसेना. तिने शेजारच्या बाळाला दिवसभर सांभाळायला घेतले. त्याचे पाहून आणखी एक मूल आले, मग आणखी. रीतसर परवाना काढला, भिंतीला पिवळा रंग दिला, आणि तिचे पाळणाघर झाले. मुले तिला मावशी म्हणू लागली, तिच्या नवऱ्याला काका. मग मुलांचे आईबापही त्यांना मावशी आणि काकाच म्हणू लागले.

माझे पाय कापले ते काकांनी. मुलांना बसायला बुटके टेबल हवे होते, आणि काका म्हणाले, "नवीन कशाला? हेच कापतो." हौस दांडगी, पण मोजमापाशी माणसाचे वाकडे. पहिला पाय जरा जास्तच कापला गेला. त्याच्या बरोबरीने दुसरा कापला, तर मी डुगडुगू लागलो. मग तिसरा थोडा, चौथा थोडा, पुन्हा पहिला थोडा. घरभर भुसा. शेवटी मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, थांबा आता! नाहीतर नुसती फळी उरेल!" काका थांबले आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मी अजून किंचित डुगडुगतोच.

पाय गेल्याचे दुःख झाले, खोटे कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी मुले आली, माझ्याभोवती मांडी घालून बसली, आणि पहिल्यांदाच तोंडे माझ्या समोर आली. तोवर मी फक्त मोठ्यांची पोटे आणि सदऱ्यांची बटणे बघत आलो होतो. हा सौदा काही वाईट नव्हता.

त्या वर्षांचे काय सांगू! माझ्यावर रंग सांडले, दूध सांडले, पिकलेली केळी चिरडली गेली. दात येऊ लागलेल्या प्रत्येक बाळाने माझी कड चावली आहे. ढमाल्या नावाच्या एका गुटगुटीत पोराने तर माझा एक कोपरा जवळजवळ खाल्लाच. वरचा भाग मावशी रोज पुसत असे, पण माझा खालचा भाग मुलांचा होता. तिथे गुहा होती, दुकान होते, दवाखाना होता, आणि लपल्यावर कोणालाच सापडायचे नाही अशी एक जागा होती. अर्थात, पाय बाहेर राहिलेले असत आणि ते सगळ्यांना दिसत.

याच जागेत रोज सकाळी चिमणी येऊन बसे. चिमणी म्हणजे बसड्रायव्हर बाबांची मुलगी. अंगाने इतकीशी, म्हणून हे नाव. बाबा पहाटेची पाळी करून येत, घरून तिला खांद्यावर बसवून आणत आणि दारात उतरवत. ते गेले की ही कोणाशी एक अक्षर न बोलता सरळ माझ्याखाली शिरे आणि गुडघ्यात डोके घालून बसे.

मावशीने तिला कधी ओढून बाहेर काढले नाही. "ये हं बाळा, बघ खेळणी," असा घोशाही लावला नाही. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसे, एका हाताने मुलांचे कपडे घडी करे, बाकीच्यांशी बोले, भांडणे सोडवी. दुसरा हात मात्र माझ्याखाली सरकवून, तळवा वर करून, तसाच ठेवी. खाली वाकून बघत नसे. हात तिथे असे, एवढेच. कधी लवकर, कधी खूप वेळाने, एक छोटा हात त्यावर येऊन बसे. मग थोड्या वेळाने चिमणी आपण होऊन बाहेर येई आणि संध्याकाळपर्यंत अशी दंगा करी, की सकाळची मुलगी ती हीच का असा प्रश्न पडावा.

हे मावशीने कोणाला सांगितले नव्हते. यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते.

मग तपासणीची सूचना आली. पाळणाघरांची अधूनमधून सरकारी तपासणी होते. तपासनीस येतात, दिवसभर कोपऱ्यात बसून बघतात आणि शेरा देतात. तो शेरा दारावर लावावा लागतो. मावशीच्या दारावर आजवर 'उत्तम' असे लिहिलेला कागद होता, त्यामुळे तिला फारशी काळजी नव्हती. काळजी लागली ती आईबापांना. त्यांनी आपापसात ठरवले की मावशीला मदत करायची, आणि तपासणीच्या आधीच्या रविवारी सगळे बादल्या, फडकी आणि खोके घेऊन हजर झाले.

पुढारीपण ढमाल्याच्या आईकडे होते. त्या वकील, म्हणून सगळे त्यांना वकीलबाई म्हणत. बाई मनाने सोन्यासारख्या, पण एकदा सुरू झाल्या की समोरच्याला फक्त मान हलवायचे काम उरे.

"मावशी, तुम्ही आज नुसतं बसायचं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही आमची पोरं सांभाळलीत. आज आमची पाळी."

"अहो, कशाला इतका त्रास..."

"त्रास कसला? चला रे, ती खेळणी आधी उचला!"

आणि उचलली की हो! जमिनीवरच्या टोपल्यांतली सगळी खेळणी झाकणांच्या डब्यांत गेली. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. डबे वरच्या फळीवर चढले, कारण खाली बरे दिसत नव्हते. मुलांनी काढलेली चित्रे भिंतीवरून उतरली, कारण ती तिरकी लागली होती. मी बघत होतो आणि माझा पारा चढत होता. मुलांचा हात वरच्या फळीला पोहोचत नाही, हे कळायला काही वकिली शिकावी लागत नाही.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"हे मात्र चालायचं नाही," जुळ्यांचे बाबा म्हणाले. त्यांचे प्लास्टिकच्या सामानाचे दुकान होते. "कडा बघा याच्या. कुरतडल्यात."

"उंदीर झालेत का घरात?" वकीलबाई दचकल्या.

"उंदीर कसले, तुमचा ढमाल्या!" बसड्रायव्हर बाबा म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

"माझ्या दुकानातलं एक नवंकोरं आणलंय. खाली गाडीत आहे. मावशींना आमच्याकडून भेट," जुळ्यांचे बाबा म्हणाले.

मावशी पुढे झाली. "ते असू दे ना हो," ती म्हणाली. "मुलांना सवय आहे त्याची."

"नव्याचीही होईल की! पोरांना काय लागतं?" ते म्हणाले.

मावशीने काहीतरी बोलायला तोंड उघडले. मी श्वास रोखला, म्हणजे रोखता आला असता तर रोखला असता. बोल, बाई! दुकानात बोलली होतीस तशी बोल! पण समोर सगळे घामाने निथळत होते, हौसेने हसत होते, सुट्टीचा दिवस सोडून आले होते. मावशीने तोंड मिटले. "चहा टाकते सगळ्यांसाठी," असे म्हणून ती आत गेली.

मला उचलून गॅलरीत ठेवले. वाळत घातलेल्या चादरी, तुटका झाडू आणि दोन रिकाम्या कुंड्या यांच्या शेजारी. गॅलरीच्या दाराला काच आहे, त्यातून आतले सारे दिसते. माझ्या जागेवर एक पांढरेशुभ्र, गोल, गुळगुळीत टेबल येऊन बसले. त्याला मधोमध एकच जाडजूड पाय होता. त्याच्याखाली मांजरही शिरले नसते.

तपासणीच्या दिवशी आलेल्या तपासनीस मॅडम तरुण होत्या. सर्दीने बेजार झालेल्या, पण नम्र. त्या कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही, कारण त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. राग आला तर त्यांनी जे पाहिले त्याचा यावा.

काय पाहिले त्यांनी? मुले नव्या टेबलाभोवती हातावर हात धरून बसली होती. घरी सगळ्यांना बजावून पाठवले होते की आज शहाण्यासारखे वागायचे. ढमाल्याने वरच्या डब्यांकडे बघितले आणि घरात घुमेल अशा आवाजात विचारले, "मावशी, आज खेळण्यांना हात लावायचा की फक्त बघायची आहेत?" मॅडमनी मान खाली घालून लिहिले. मावशी घाईने डबे काढायला गेली, तर झाकणे नवी, घट्ट, लवकर उघडेनात. मॅडमनी आणखी लिहिले.

आणि चिमणी. चिमणी आत आली, नेहमीच्या जागेकडे धावली आणि थबकली. टेबलाभोवती एक फेरी मारली. वाकून बघितले. मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि रडायला लागली. मावशी जवळ गेली तर अंग चोरले, उचलून घेतले तर पाठीची कमान केली. ती रडतच राहिली. मी काचेपलीकडे होतो. मला हाक मारता येईना, सरकता येईना, साधी खडखड करता येईना. शेवटी मावशी नव्या टेबलापाशी खाली बसली आणि सवयीने तिचा हात कडेखाली गेला. तळवा वर. तो हात त्या प्लास्टिकच्या पायाला टेकून तसाच राहिला. घ्यायला कोणी आले नाही.

काही दिवसांनी शेरा आला. 'सुधारणा आवश्यक. मुलांना खेळण्याचे स्वातंत्र्य नाही. दुःखी मुलाला दिलासा देण्यात सांभाळकर्ती अपयशी.' पुन्हा तपासणी होईल, आणि तेव्हाही हेच दिसले तर परवाना रद्द. काकांनी जुना कागद दारावरून काढला आणि नवा लावला. मावशीने तो वाचला नाही. तिला तो पाठ झाला होता.

त्या संध्याकाळी आईबाप जमले. छोट्या छोट्या स्टुलांवर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि नुसते पेटून उठले.

"ही बाई स्वतःला समजते कोण?" वकीलबाई कडाडल्या. "मी तक्रार करते. वरपर्यंत जाते. सोडत नाही मी."

"पोरं असतील का तिला? कळतं का काही?" जुळ्यांचे बाबा म्हणाले.

"मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत," बाकीचे म्हणाले.

मावशी हातातले फडके पिळत होती. ती म्हणाली, "चिमणी खरंच रडत होती हो. मला तिला शांत करता आलं नाही. मॅडमनी खोटं काय लिहिलं? मला वाटतं, आता मी थांबावं."

"छे! छे! असं बोलायचंच नाही!" सगळे एकदम म्हणाले, आणि तिला पुढे बोलूच दिले नाही. लगेच पुढची आखणी सुरू झाली. आणखी डबे आणायचे. भिंतीला पांढरा रंग द्यायचा. जमिनीवर नवी चटई टाकायची. ती कुठल्या रंगाची असावी यावर बराच वेळ वाद झाला. जिला मदत करायची ती बाई त्यांच्यामध्येच बसली होती, पण तिला काय हवे आहे हे विचारायला कोणाला सवड नव्हती. मी गॅलरीतून बघत कपाळ बडवून घेत होतो, म्हणजे कपाळ असते तर. अरे, मागे वळा! काचेतून बाहेर बघा! वकीलबाईंनी बघितले, आणि म्हणाल्या, "ते जुनं टेबल अजून इथेच? पुन्हा तपासणीला ती बाई गॅलरीत डोकावली तर? भंगारात द्या बाई ते."

"मी नेतो," बसड्रायव्हर बाबा म्हणाले. "मित्राचा टेम्पो मिळेल."

मित्रांनो, इतकी वर्षे राबल्यावर आपल्याबद्दल असे ऐकले की कसे वाटते, ते मी सांगत बसत नाही. माझ्यापेक्षा चिमणीचे हाल जास्त होते. ती रोज सकाळी रडत येई आणि दुपारपर्यंत मुसमुसत राही. जिन्यात तिच्या बाबांना तो आवाज ऐकू जात असणार. या वयात पोरे असे करतात, अशी ते स्वतःची समजूत घालत असतील. इकडे मावशी दिवसेंदिवस वाळत चालली होती. एका घराने तर शेरा वाचून मूल दुसरीकडे घातलेसुद्धा.

बाबा मला न्यायला आले ती दुपारची वेळ होती. मुले झोपली होती, काका बाहेर गेले होते. बाबांनी गॅलरीचे दार उघडले, चादरी बाजूला सारल्या आणि मला उचलायला वाकले. तेवढ्यात त्यांच्या पायांमधून काहीतरी सरपटत आले आणि माझ्याखाली शिरले. चिमणी! तिने गुडघे जवळ घेतले, डोके त्यात घातले आणि एक लांब श्वास सोडला. किती दिवसांनी माझ्या पोटाखाली ऊब आली होती!

"ए बाळा, बाहेर ये. धूळ आहे तिथे," बाबा म्हणाले. उत्तर नाही. "चिमणे, ये म्हटलं ना!"

मावशी आवाज ऐकून आली. तिने बघितले, आणि काही न बोलता गॅलरीच्या लादीवर बसली. पुढ्यात वाळलेल्या चादरी होत्या, त्यातली एक घडी करू लागली. दुसरा हात माझ्याखाली गेला. बाबा उभेच होते. गॅलरीत फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने त्या हातावर चिमणीचा हात आला. मग चिमणी बाहेर आली, मावशीच्या मांडीवरून पलीकडे गेली आणि कुंडीतल्या मातीत बोटे घालून गाणे म्हणू लागली.

बाबाही लादीवर बसले.

"हे रोज असं होतं?" त्यांनी विचारले.

"रोज व्हायचं."

"मग तपासणीच्या दिवशी..." ते थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितले, काचेतून आतल्या पांढऱ्या टेबलाकडे बघितले, पुन्हा माझ्याकडे बघितले. "ते टेबल आम्ही बाहेर काढलं."

मावशी चादर घडी करत राहिली.

"मावशी, मग सांगायचं ना आम्हाला!" बाबांचा आवाज चढला. "इतके दिवस गप्प बसलात? तिकडे आम्ही त्या बाईला शिव्या घालतोय!"

तेव्हा मावशीने चादर खाली आपटली. "सांगितलं होतं!" ती म्हणाली. "मुलांना सवय आहे म्हणून सांगितलं होतं. कोणी ऐकलं? त्या दिवशी म्हटलं, मी थांबते, तर 'असं बोलायचं नाही.' मग काय बोलायचं मी? तुम्ही सगळे माझ्या बाजूने बोलता हो, पण मला बोलू देता का? माझ्या घरातलं टेबल बाहेर जातं, माझ्या भिंतीचा रंग बदलायचं ठरतं, आणि मी आत चहा गाळत उभी! सगळे इतक्या प्रेमानं करतात की नाही म्हणायची चोरी. आणि वर कागदावर नाव कोणाचं? माझं!"

मी तिला इतक्या रागात कधी पाहिले नव्हते. खरे सांगतो, मला बरे वाटले. माझ्या आतले सगळे कोणीतरी बोलून टाकले होते.

बाबा उठून उभे राहिले. मग त्यांनी मला उचलले. मला वाटले, निघालो आता भंगारात, पण ते जिन्याकडे वळले नाहीत. मला आत नेऊन माझ्या जागेवर ठेवले आणि पायाखालची पुठ्ठ्याची घडी नीट सरकवली. पांढरे टेबल गॅलरीत गेले. टेम्पो रिकामाच परत गेला.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतले आणि जसे घडले तसे सांगितले. आधी कोणाला पटेना. वकीलबाई तर भांडायलाच उठल्या, "म्हणजे आम्ही वाईट केलं असं म्हणायचंय का?" मग त्यांची नजर माझ्याकडे गेली, आणि त्या हळूहळू खाली बसल्या. जुळ्यांच्या बाबांनी गॅलरीतल्या आपल्या टेबलाकडे बघितले आणि त्यांचे कान लाल झाले. मग वकीलबाईंनी, त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात, विचारले, "मावशी, तुम्हाला काय हवंय?"

मावशीला एकदम उत्तरच सुचेना. हे विचारले जाईल असे तिला वाटलेच नसावे. मग ती म्हणाली, "डबे खाली घ्या. झाकणं घरी घेऊन जा. पोरांची चित्रं परत लावा, तिरकी लागली तरी चालतील. ती तक्रार काही करू नका. आणि पुढच्या तपासणीच्या आधी..." ती जरा अडखळली. "रागवू नका हं. पण कृपा करून कोणी मदतीला येऊ नका."

सगळ्यांत आधी बसड्रायव्हर बाबा हसले. मग बाकीचे हसले.

दुसऱ्या तपासणीला त्याच मॅडम आल्या. सर्दी गेली होती. टोपल्या जमिनीवर होत्या, पोरे ठिकठिकाणी सांडल्यासारखी पसरली होती, आणि ढमाल्या माझा उरलेला कोपरा चघळत होता. चिमणी माझ्याखाली होती. मावशी शेजारी बसली होती आणि तिचा हात खाली होता.

"ही मुलगी टेबलाखाली का बसली आहे?" मॅडमनी विचारले.

"ती येईल बाहेर."

"कधी?"

"ते तिचं तिला कळतं, मॅडम."

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, पण त्या खुर्चीवरून उठल्या आणि माझ्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर येऊन बसल्या. वेळ जाऊ लागला. चिमणी काही हलेना. अगं ये ना, मी मनात म्हणत होतो, आज तरी लवकर ये! मावशीच्या कपाळावर घाम आला होता, पण तिने खाली वाकून बघितले नाही की हाक मारली नाही. मॅडमही बघता बघता थकल्या. मांडीवरची वही सांभाळत त्यांनी अंग सैल सोडले आणि उजवा हात सहज जमिनीवर टेकवला, माझ्या कडेच्या आत, तळवा वर.

चिमणीचा एक हात मावशीच्या हातावर आला. आणि दुसरा मॅडमच्या.

मॅडम दचकल्या, पण हात काढला नाही. वही उघडी होती, पेन पानावर पडले होते. उजवाच हात अडकल्यामुळे त्यांना काही लिहिता येईना. चिमणी बाहेर येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

शेरा आला. 'समाधानकारक. परवाना कायम.' मावशीने तो दोनदा वाचला आणि मग तोंडावर पदर धरून रडली. 'उत्तम' मात्र नाही. वरचा शेरा म्हणे पुढच्या वेळीच मिळतो, तसा नियम आहे. जुन्या शेऱ्यामुळे गेलेले मूलही परत आले नाही. आणि कागदाच्या शेवटी एक ओळ होती, 'टेबल जुने व खडबडीत आहे. बदलणे योग्य.' वाचा! इतके सगळे होऊन शेवटी मलाच बोल! आईबाप कागदाभोवती जमले होते. जुळ्यांच्या बाबांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. वकीलबाईंनी तोंड उघडले. आणि दोघे एकदम थांबले, मावशीकडे वळले.

"काय करायचं, मावशी?"

मावशीने माझ्या कडेवरून हात फिरवला.

"नाही," ती म्हणाली. "हेच."

मग तिने काकांना घासायचा कागद आणायला लावला आणि त्याचे तुकडे करून प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. ते सगळे माझ्याभोवती मांडी घालून बसले आणि माझ्या कडा घासू लागले. इतकी मोठी माणसे, इतक्या खाली! ढमाल्याच्या दातांची जागा कोणी घासायची नाही, एवढे वकीलबाईंनी ठणकावून सांगितले. भुसा पुन्हा घरभर झाला.

मित्रांनो, मी आता गुळगुळीत आहे, जागेवर आहे आणि थोडासा डुगडुगतो. तुमच्या ओळखीचे कोणी अडचणीत असेल तर जरूर धावून जा, बादल्या घेऊन जा, माझी ना नाही. पण आत शिरताच त्यांच्या टेबलाला हात घालू नका. आधी खाली बसा आणि विचारा, काय हवे आहे. उत्तर लगेच येणार नाही. हात तसाच ठेवा.